फोनचा फ्लाइट मोड: फीचर एक नंबर, फक्त चढताना उशीर नको आणि उतरताना घाई नको

लोक कुलरचा रिव्ह्यू लिहितात, सावजीचा लिहितात, मी आज फोनमधल्या त्या छोट्याशा विमानाच्या चिन्हाचा लिहून राहिलो. कामासाठी नागपूर-पुणे, नागपूर-मुंबई आणि मधूनमधून दिल्ली असं सारखं जाणं-येणं सुरू असतं, सोनेगावचं विमानतळ आता घरच्यासारखंच झालंय, आणि दर वेळी एक गोष्ट बघून जीव खालीवर होतो, म्हणून लिहायचंच ठरवलं. माझं मत आधीच सांगून टाकतो. फीचर जबरदस्त आहे, फुकट आहे, गरज खरी आहे. पण आपले लोक ते चुकीच्या वेळेला वापरून राहिले, म्हणजे विमान वर जाऊन नेटवर्क आपोआप गेलं की मग लावतात, आणि खाली येताना घरं दिसायला लागली की काढतात. ज्या मिनिटांसाठी हे बटण बनवलंय नेमकी तीच मिनिटं वगळून बाकी सगळा वेळ फ्लाइट मोड चालू!

मागच्या एका पुणे फ्लाइटचं सांगतो. दार बंद झालं होतं, विमान हळूहळू रनवेकडे निघालं होतं आणि शेजारचे काका नातीशी व्हिडिओ कॉलवर होते, फोन खिडकीला टेकवून तिला विमानाचा पंख दाखवत होते. एअर होस्टेस आली, सर फ्लाइट मोड प्लीज म्हणाली, काकांनी हो हो म्हणून कॉल कापला आणि फोन तसाच उलटा करून मांडीवर ठेवला. ती पुढे गेली. फोन मांडीवर थरथरतच होता, मेसेज येतच होते. मी म्हटलं काका ते विमानाचं चिन्ह दाबा ना. त्यांनी लगेच दाबलं, काही कटकट नाही, पण मग मला विचारलं, "मी दाबलं नाही तर खरंच काही होते का बावा, की उगाचच म्हणून राहिले हे लोक?"

प्रश्न एकदम रास्त आहे आणि याचं नीट उत्तर कोणी देत नाही, घोषणेत तर नाहीच नाही. म्हणून त्यांना जे सांगितलं तेच इथं जरा सविस्तर.

फोन खिशात गुपचूप पडलेला असला, कॉल नसला, नेट बंद असलं तरी तो टॉवरशी बोलतच असतो. मी इथं आहे, आता या टॉवरखाली आलो, आता त्या टॉवरखाली गेलो असं त्याचं चालूच राहतं. टॉवर जवळ असला तर फोन कमी ताकदीने बोलतो, दूर असला तर ताकद वाढवतो, शनिवारी बर्डीच्या बाजारातल्या गर्दीत लांबच्या माणसाला हाक मारायची तर जसा आवाज चढवावा लागतो तसंच. फोरजीवर ही ताकद जास्तीत जास्त ०.२ वॅट असते, जुन्या टूजीवर २ वॅटपर्यंत जाते. फ्लाइट मोड लावला की हे बोलणं पूर्ण बंद. फोन चालू राहतो, फोटो बघा, गाणी ऐका, फक्त मोबाइल नेटवर्ककडे काही पाठवणं नाही.

आता पायलटला त्याचा त्रास काय, तर जुना रेडिओ किंवा कॉम्प्युटरचा स्पीकर आठवा. फोन शेजारी ठेवला असला की कॉल यायच्या आधी त्यातून टिर्रटिक टिर्रटिक असा आवाज यायचा ना, रिंग वाजायच्या आधीच कळायचं कोणाचा तरी फोन येऊन राहिला. तो टूजीचा पराक्रम, फोन सेकंदाला २१७ वेळा तुकड्या-तुकड्याने सिग्नल फेकतो आणि तो स्पीकरच्या वायरीत घुसतो. तसाच आवाज पायलटच्या हेडफोनमध्ये घुसू शकतो. आणि पायलट त्या हेडफोनमध्ये काय ऐकत असतो? किती फुटांवर उतरायचं, कोणत्या दिशेला वळायचं, रनवे मोकळा आहे की नाही, सगळे आकडे. एक आकडा नीट ऐकू आला नाही तर परत विचारावं लागतं, तेवढ्यात दुसरं विमान बोलायला लागतं. नवीन फोनवर हा टिर्रटिक प्रकार बराच कमी झाला आहे हे खरं, पण जिथं फोरजी मिळत नाही तिथं कितीतरी फोन आजही टूजीवर उतरतात, आणि भरलेल्या विमानात दीड-पावणेदोनशे लोकांचे फोन असतात, कोणाचा कोणता ते क्रूला कसं कळणार.

आपल्या नागपूरकरांना तर हे लवकर पटायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं. दिल्ली-चेन्नई, मुंबई-कोलकाता असं कुठूनही कुठे जाणारं विमान आपल्या डोक्यावरून जातं, दिवसरात्र. १९४९ ते १९७३ या काळात तर रात्रीच्या एअर मेलची दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रासची विमानं मध्यरात्री इथंच सोनेगावला येऊन टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करायची आणि परत फिरायची. तेव्हापासून हे गाव विमानांच्या बोलण्यावर कान ठेवून बसलेलं आहे.

आता दुसरी बाजूही सांगतो, कारण खोटी भीती घालणं मला पटत नाही. एकाने फोन चालू ठेवला म्हणून विमान पडत नाही. विमानाची उपकरणं अशा लहरींपासून जपलेली असतात, चाचण्या होतात, आणि प्रवाशाच्या फोनमुळेच विमान पडलं असं आजवर कुठे सिद्ध झालेलं नाही. पण शून्य धोका असंही नाही. २००३ मध्ये न्यूझीलंडला क्राइस्टचर्चजवळ एक छोटं विमान उतरताना कोसळलं, त्यात आठ जण गेले. पायलटचा स्वतःचा मोबाइल चालू होता आणि त्यामुळे उपकरणाने चुकीचं दाखवलं असण्याची शक्यता तिथल्या तपास अहवालात नोंदवलेली आहे. शक्यताच म्हटलंय, खात्री नाही, पण तपास करणाऱ्यांना ती लिहावीशी वाटली हेच मला पुरेसं आहे. आणि मोठ्या विमानांचंही बघा, २०१४ मध्ये अमेरिकेच्या एफएएने, म्हणजे तिथल्या विमान वाहतूक नियामकाने, बोइंग ७३७ आणि ७७७ च्या कॉकपिटमधल्या एका प्रकारच्या स्क्रीन बदलायला लावल्या, कारण वायफायच्या लहरींनी त्या स्क्रीन फडफडू किंवा बंद होऊ शकतात असं चाचणीत दिसलं होतं. तेराशेहून जास्त विमानं होती त्यात. म्हणजे इंजिनिअर लोक डोळे उघडे ठेवून आहेत म्हणून आपण निवांत बसतो, आपलं काम फक्त एक बटण दाबायचं आहे.

जमिनीवरच्या नेटवर्कचंही एक कारण आहे जे फारसं कोणाला माहीत नसतं. जमिनीवर फोनला आजूबाजूचे मोजके टॉवर दिसतात, पण टेकऑफनंतर थोडं वर गेलेल्या फोनला एकदम कितीतरी दिसतात आणि वेगामुळे दर थोड्या वेळाने नवेच. टॉवरची सगळी व्यवस्था जमिनीवरच्या, हळू हलणाऱ्या माणसांसाठी केलेली असते. अमेरिकेत १९९१ मध्ये दूरसंचार खात्याने उडत्या विमानातून मोबाइल वापरायला बंदी घातली ती मुळात याच काळजीने, की खालचं नेटवर्क बिघडू नये. त्यामुळे माझ्या एकट्याच्या फोनने काय होते असं कोणी म्हटलं की मला सांगावंसं वाटतं की बाबा, प्रश्न विमानापुरता नाहीच आहे.

बरं, हे सगळं सोडा, स्वतःच्या स्वार्थासाठी तरी लावा. पस्तीस हजार फुटांवर तसंही नेटवर्क येत नाही, टॉवरचे अँटेना खाली जमिनीकडे झुकवलेले असतात आणि विमान ताशी आठशेच्या आसपास पळतं. फोन बिचारा शोधतच बसतो, पूर्ण ताकदीने. मेळघाटात किंवा पेंचला जाणाऱ्यांना हे नक्की माहीत असेल, सकाळी फुल चार्ज करून निघालेला फोन जंगलात काहीही न करता दुपारी अर्ध्यावर येतो आणि हाताला गरम लागतो. कारण तेच, नेटवर्क शोधणं. तिथंही मी फ्लाइट मोड लावतो आणि संध्याकाळपर्यंत कॅमेऱ्याला बॅटरी पुरते. चिखलदऱ्याला जाणाऱ्या सगळ्यांना मी हे सांगत असतो.

जानेवारी २०२४ ला अलास्का एअरलाइन्सच्या विमानाचा दरवाजाएवढा भाग हवेतच उडाला होता, आठवत असेल. त्यातून एका प्रवाशाचा आयफोन सोळा हजार फुटांवरून खाली पडला, तो रस्त्याच्या कडेला सापडला तेव्हा धडधाकट होता, फ्लाइट मोड तसाच चालू आणि बॅटरी जवळपास अर्धी शिल्लक. फ्लाइट मोडमुळे फोन वाचला असं नाही म्हणत मी, पण त्या प्रवाशाने नियम पाळला होता हे त्या फोनवरून जगाला कळलं, आणि मला ते लई आवडलं.

आता मुख्य मुद्दा, टायमिंग. एकदम उंचावर असताना फोनला टॉवर सापडत नाही, पायलटलाही तुलनेने सवड असते. खरी गडबड खाली येताना. जमीन जवळ आली की सगळ्या फोनना एकदम टॉवर दिसायला लागतात, ज्यांचा फ्लाइट मोड नाही त्यांचे फोन एकदम जागे होतात, नोंदणी, मिस कॉलचे मेसेज, व्हॉट्सअॅपचा पूर, सगळं एकदाच. आणि नेमकं त्याच वेळी पुढे कॉकपिटमध्ये सगळ्यात जास्त काम असतं, विमानतळाच्या कंट्रोल टॉवरशी बोलणं, रनवेची दिशा दाखवणारा सिग्नल पकडणं, जमीन किती फूट खाली आहे ते बघणं. आपल्याकडे विमान उतरताना वर्धा रोडवरच्या गाड्या आणि मेट्रो दिसायला लागली की मागच्या सीटवरून "हां, पोहोचलोच, गाडी काढ" सुरू होतं. अरे अजून चाकं टेकायची आहेत! दोन मिनिटं थांबा ना राजेहो, गाडी कुठे पळून जात नाही, आणि बेल्टवर बॅग यायला तर तसाही वेळ लागतोच.

नियम तरी काय सांगतो, तर विमान उतरून चालू रनवे सोडून बाहेर आलं की मग पायलट फोनला परवानगी देऊ शकतो. आणि त्यालाही एक अपवाद आहे, धुक्यात कमी दृश्यमानतेत लँडिंग असेल तर ही सूट नाही. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीला गेलात तर हे अनुभवाल, घोषणा होते की सगळी उपकरणं पूर्ण बंद करा, फ्लाइट मोडही चालणार नाही. लोक वैतागतात, पण त्याचं कारण समजून घ्या. बाहेर काही दिसत नसताना विमान जवळजवळ सगळं उपकरणांच्या भरवशावर उतरतं, त्या वेळी कोणालाच शंभरातली एकही शंका नको असते. मी स्वतः त्या घोषणेला फोन सरळ स्विच ऑफ करतो आणि शेजाऱ्यालाही सांगतो, आतापर्यंत कोणी नाही म्हटलेलं नाही. नीट कारण सांगितलं की आपली माणसं ऐकतात.

फाइव्हजीचंही सांगतो, कारण यात आपलं नागपूर थेट येतं. विमानाच्या पोटाखाली रेडिओ अल्टिमीटर नावाचं यंत्र असतं, ते जमिनीकडे लहर सोडून परत आलेल्या लहरीवरून उंची मोजतं, आणि ते ४.२ ते ४.४ गिगाहर्ट्झवर चालतं. अमेरिकेत फाइव्हजी ३.७ ते ३.९८ वर आला, म्हणजे बऱ्यापैकी शेजारी, म्हणून जानेवारी २०२२ मध्ये तिथं गोंधळ झाला आणि एअर इंडियाने सुद्धा अमेरिकेच्या काही फ्लाइट रद्द केल्या होत्या. आपल्याकडे तो ३.३ ते ३.६७ वर आहे, म्हणजे अंतर जास्त आहे, तरी दूरसंचार विभागाने नोव्हेंबर २०२२ ला कंपन्यांना कळवलं की रनवेच्या दोन्ही टोकांपासून २,१०० मीटर आणि मधल्या रेषेपासून ९१० मीटरच्या आत या पट्ट्यातले फाइव्हजी टॉवर लावू नका. त्याच सुमारास आपल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर विमानतळावर, म्हणजे सोनेगावलाच, फाइव्हजी सुरू झाल्याच्या बातम्या होत्या, आणि लगेच हे पत्र आलं. विमानतळाच्या आसपास तुमचा फाइव्हजी जाऊन फोरजी येत असेल तर कंपनीला शिव्या द्यायच्या आधी हे लक्षात घ्या. यातली काळजी मुख्यतः टॉवरची आहे, तुमच्या हातातल्या फोनची नाही, पण सरकार जर टॉवर मीटर मोजून लांब ठेवून राहिलं आहे तर आपण फोनचं एक बटण दाबायला काय हरकत आहे.

ज्यांना नियम म्हणजे जाच वाटतो त्यांच्यासाठी, पूर्वी याहून कडक होतं. २०१४ च्या आधी आपल्याकडे टेकऑफ आणि लँडिंगला फोन पूर्ण बंदच करावा लागायचा, फ्लाइट मोड सुद्धा चालायचा नाही. २०१४ मध्ये डीजीसीएने, म्हणजे आपल्या विमान वाहतूक नियामकाने, फ्लाइट मोडवर पूर्ण प्रवासभर फोन वापरायची मुभा दिली. मग २०१८ मध्ये विमानात इंटरनेट द्यायचे नियम आले, २०२० मध्ये फ्लाइट मोडवर ठेवून वायफाय वापरायची परवानगी आली. म्हणजे जी सूट मिळाली ती याच बटणाच्या जोरावर मिळाली. आपण ते नीट वापरलं नाही तर उद्या परत सगळं बंद करा म्हणतील, मग पुस्तक घेऊन बसा सव्वा तास. (तेही वाईट नाही म्हणा.)

विमानात वायफाय नागपूरहून जाताना मला तरी अजून मिळालेलं नाही, मोठ्या विमानांमध्ये असते, एअर इंडियाने जानेवारी २०२५ पासून काही निवडक विमानांत देशातल्या देशातही सुरू केलंय. मिळालं तर एवढंच लक्षात ठेवा की फ्लाइट मोड आधी लावायचा आणि मग त्याच्यातच वायफाय वेगळं चालू करायचं. दोन्ही एकत्र चालतात. वायफाय आलं म्हणून फ्लाइट मोड काढायचा नसतो, बऱ्याच जणांचा इथं घोळ होतो.

फ्लाइट मोडमधली माझी सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे जीपीएस. तो फक्त ऐकतो, काही पाठवत नाही, त्यामुळे फ्लाइट मोडवर सुद्धा चालतो. घरून निघताना विदर्भ-मराठवाड्याचा नकाशा ऑफलाइन डाउनलोड करून ठेवायचा आणि खिडकीची सीट घ्यायची, मधल्या सीटवर सिग्नल नीट पकडत नाही, फोन काचेजवळ धरावा लागतो. पहिल्यांदा जागा सापडायला काही मिनिटं जातात, धीर धरा. मग तो निळा ठिपका नकाशावर सरसर सरकायला लागतो. नागपूरहून पुण्याला जाताना मी उजव्या खिडकीला बसलो होतो, नकाशावर लोणार जवळ येताना दिसलं आणि खाली बघतो तर खरंच, शेताच्या चौकोनांच्या मधे एक गोल हिरवट तबक, कडेला झाडीची रिंग. उल्का पडून झालेलं हे विवर, जवळपास १.८ किलोमीटर रुंद, गाडीने किती तरी वेळा गेलोय पण त्याचा पूर्ण गोल आकार एका नजरेत पहिल्यांदा दिसला. शेजारच्या सीटवर कॉलेजची मुलगी होती, तिलाही दाखवलं, ती बुलढाण्याचीच निघाली! पुढे जायकवाडीचं मोठं पाणी पण याच बाजूला दिसतं, हवा स्वच्छ पाहिजे फक्त. यासाठी पाचपैकी पाच.

बाकी गाणी, आधीच उतरवून ठेवलेले सिनेमे, अलार्म, कॅमेरा सगळं चालतं. ब्लूटूथ हेडफोन पण बहुतेक ठिकाणी चालू देतात, क्रूने नाही म्हटलं तर नाही. न चालणाऱ्या गोष्टी: यूपीआय नाही, ओटीपी नाही. विमानात चहा किंवा उपमा घ्यायचा असेल तर कार्ड किंवा रोख जवळ ठेवा, मी लोकांना क्यूआर शोधताना बघितलंय. बोर्डिंग पासचा आणि परतीच्या तिकिटाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. त्या वेळात आलेले मेसेज हरवत नाहीत, खाली उतरल्यावर सगळे येतात, त्यामुळे ऑफिसवाल्यांनी जीव काढायचं कारण नाही.

आता कमतरता, कारण रिव्ह्यू म्हटलं की त्या पण पाहिजेत. पहिली, आठवण करून देत नाही. आज फोनला आपण रोज किती पावलं चाललो ते माहीत असतं, मेलमधलं तिकीट बघून फ्लाइटची वेळही सांगतो, मग वेळ झाली की फ्लाइट मोड लावू का असं एक विचारायला काय जाते, समजत नाही. दुसरी, ब्लूटूथ आणि वायफायचा प्रत्येक फोनचा वेगळा कारभार, काही फोन मागच्या वेळी तुम्ही काय केलं होतं ते लक्षात ठेवतात आणि तसंच चालू ठेवतात, काही सगळं बंद करतात, काही हेडफोन जोडलेला असेल तरच ब्लूटूथ ठेवतात. मग माणूस वर चिन्ह आलं म्हणजे सगळं बंद असं समजतो. एकदा घरी सोफ्यावर बसून दाबून बघा, काय बंद होते काय चालू राहते. तिसरी आणि मोठी, सिमवालं घड्याळ आणि मुलांचा सिमवाला टॅब. फोनवर फ्लाइट मोड लावला म्हणून हातातलं घड्याळ शांत झालं असं नसतं, काही घड्याळांत फोनसोबत आपोआप लागायची सेटिंग असते ती चालू करून ठेवा, नाही तर वेगळं लावा. आणि वरच्या डब्यात टाकलेल्या लॅपटॉप बॅगमध्ये ऑफिसचा दुसरा फोन असतो तो तर कोणाच्याच लक्षात राहत नाही. बॅग वर टाकायच्या आधी तो काढून बटण दाबून मग ठेवायचा, ही सवय मी लावून घेतली आहे.

परदेशी जाणाऱ्यांना एक खास सूचना, खिशाचा प्रश्न आहे. काही आंतरराष्ट्रीय विमानांत विमानाचंच छोटं मोबाइल नेटवर्क असतं, फोन त्याला आपोआप जोडला गेला आणि तुमच्याकडे पॅक नसला तर रोमिंगचं बिल बघून घाम फुटतो. जिओने २०२० मध्ये अशा विमानातल्या वापराचे पॅक ४९९ रुपयांपासून आणले, एअरटेलने २०२४ मध्ये १९५ पासून. घ्यायचा असेल तर आधी घ्या, आजचा भाव बघून. नसेल घ्यायचा तर दार बंद व्हायच्या आत फ्लाइट मोड, विषय संपला.

म्हाताऱ्या आईवडिलांचं मात्र वेगळं बघावं लागतं. माझी आई बहिणीकडे बंगळुरूला एकटी जाते. पहिल्या वेळी कोणीतरी शेजारच्याने तिचा फ्लाइट मोड लावून दिला आणि उतरल्यावर काढायचं तिला माहीतच नाही, बहीण बाहेर उभी राहून फोन लावून राहिली, लागतच नाही, आई आत बेल्टजवळ बसून म्हणते हिने फोन कसा केला नाही. दोघींचा जीव टांगणीला. मग आम्ही घरी बसून तिला शिकवलं. वरून बोट ओढलं की पहिल्या ओळीत विमानाचं चिन्ह येईल असं लावून दिलं आणि फोनच्या कव्हरमध्ये एक चिठ्ठी टाकली, मोठ्या अक्षरात: "दार लागलं की विमान दाब. विमान उतरून हळू चालायला लागलं, बाईने सांगितलं, की परत दाब." आता ती शेजारच्यांना सांगते दाबा म्हणून. ज्यांचे आईवडील एकटे प्रवास करतात त्यांनी ही चिठ्ठी जशीच्या तशी उतरवून घ्या.

रेटिंग द्यायचं तर पाचपैकी साडेचार, अर्धा कापला तो आठवण न देण्यासाठी आणि घड्याळाच्या भानगडीसाठी.

आणि एक मागणी विमान कंपन्यांना, सगळ्यांनाच. नागपूरहून पुण्या-मुंबईला जाणाऱ्या विमानात अर्धे लोक वर्धा, चंद्रपूर, यवतमाळ, गडचिरोलीचे असतात, कित्येक जण पहिल्यांदा बसलेले असतात, पोराच्या नोकरीच्या गावी नाही तर दवाखान्याच्या कामाने निघालेले. घोषणा बहुतेक वेळा हिंदी-इंग्रजीतच होते आणि त्यातही फक्त एवढंच की फ्लाइट मोड लावा, का ते नाही. एक ओळ मराठीत बोला ना: फोनमधलं विमानाचं चिन्ह दाबा, पायलटला खालून येणारं बोलणं स्वच्छ ऐकू आलं पाहिजे, आणि आम्ही सांगेपर्यंत ते काढू नका. दहा सेकंद लागतात. ही मागणी मी फीडबॅकच्या फॉर्ममध्ये लिहितो, तुम्ही पण लिहा, दहा जणांनी लिहिलं तर कोणीतरी वाचेल.